रक्तातल्या बारागाड्या

मागच्या खेपेला हिमोग्लोबिनविषयी, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाविषयी, लिहिताना मी 'चार सारख्या साखळ्या' असं लिहून गेलो आणि अमळनेरच्या एका निवृत्त मास्तरांनी लगेच कान धरला. त्यांचं बरोबर आहे. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. साखळी म्हणजे एकापुढे एक ओवलेले अमिनो आम्लांचे मणी: अल्फात १४१, बीटात १४६. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एक नव्हेत. फरक किरकोळही नाही. शरीरात अल्फा कमी तयार झाल्या तर उरलेल्या बीटा चौघी आपसांतच जुळतात. त्या हिमोग्लोबिनाला 'एच' म्हणतात. ते ऑक्सिजन पकडतं, पण वेळेवर सोडत नाही. मोजायला चार साखळ्या, कामाला काही नाही. चूक माझी, वाचकांनी दुरुस्त करून घ्यावी.

त्या लेखावर प्रश्न मात्र भरपूर आले. रावेरच्या केळीपासून अक्कलकुव्याच्या पाड्यापर्यंत. वरवर एकमेकांशी संबंध नाही, पण बहुतेकांचं मूळ एकच निघालं: प्रथिनांचे तुकडे एकमेकांना धरतात कसे, आणि भलतीकडेच धरलं तर काय होतं. नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत.

धुळे. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी विचारते: सर, पुस्तकात प्रथिनाच्या रचनेच्या चार पातळ्या दिल्या आहेत. पहिल्या तीन समजल्या. चौथीत 'अनेक साखळ्या एकत्र येतात' एवढंच लिहिलंय. पेशीत इतकी गर्दी असताना या साखळ्या एकमेकींना शोधतात कशा? कोणी जोडून देतं का?

पुस्तकानं प्रश्न टाळलाय खरा. आधी शोधण्याचं बघू. शोधत कोणीच नाही. पेशीतल्या पाण्यात प्रत्येक रेणू सारखा धक्के खात असतो. भुसावळच्या फलाटावर गाडी लागली की माणूस स्वतः पाऊल न टाकताही डब्यापर्यंत पोचतो, तसं. टकरी असंख्य होतात आणि बहुतेक वाया जातात. ज्या दोन पृष्ठभागांचे उंचवटे आणि खळगे एकमेकांत बसतात, ते जरा जास्त वेळ एकत्र थांबतात. त्या थांबण्यातूनच जोडणी होते.

थांबवतं कोण? पोरं पटकन 'आकर्षण' म्हणतात. त्याहून मोठा हात पाण्याचा आहे. आज घरी शेवभाजी असेल तर वाटीतल्या रश्श्याकडे दोन मिनिटं बघत बस. तर्रीचे बारके थेंब हळूहळू एकमेकांना भिडतात आणि मोठे होतात. तेलाला तेलाची ओढ आहे असं वाटतं. खरं तर पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात, त्यांना तेलाभोवती अवघडून उभं राहायचं नसतं, म्हणून तेल एका जागी लोटलं जातं. प्रथिनाच्या साखळीतही काही अमिनो आम्लं अशी तेलकट स्वभावाची असतात: व्हॅलीन, ल्युसीन, फेनिलअॅलनीन. साखळीची घडी पडताना त्यांतली बरीचशी आत दडतात, काही बाहेर राहतात, सदऱ्यावरच्या ठिगळासारखी. दोन साखळ्यांची अशी ठिगळं समोरासमोर आली की मधलं पाणी निसटतं आणि दोघी चिकटतात. शिवाय धन आणि ऋण भारांची जोडी जमते, हायड्रोजन बंध लागतात. यांतला एकेक बंध कमजोर. पण गोधडीचा एक टाका नखानं उसवता येतो, अख्खी गोधडी हातानं फाडून दाखव.

तर्रीशी तुलना इथेच सोडून दे. तेलाचा कुठलाही थेंब कुठल्याही थेंबात शिरतो. प्रथिनांत आकार जुळल्याशिवाय काम होत नाही, म्हणून एवढ्या गर्दीतही अल्फाला बीटाच मिळते.

आता जोडून देणाऱ्यांचं. असतात, पण सगळ्यांनाच लागत नाहीत. हिमोग्लोबिनाची अल्फा साखळी एकटी पडली की बिघडते, म्हणून बीटा भेटेपर्यंत तिला सांभाळणारं एक वेगळं प्रथिन लाल पेशी तयार होताना हजर असतं. याहून नाजूक प्रकरण रुबिस्कोचं. आपल्या शिवारातल्या प्रत्येक हिरव्या पानात हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं हे प्रथिन आहे. आठ मोठ्या आणि आठ लहान अशा सोळा साखळ्या. मोठ्या साखळीची कृती हरितलवकाच्या स्वतःच्या जनुकात असते, लहानीची पेशीच्या केंद्रकात. म्हणजे लहानी बाहेर तयार होऊन आत यायची, मग लग्न लागायचं. १९८० साली जॉन एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यानं दाखवलं की नवी मोठी साखळी जोडणीआधी दुसऱ्याच एका प्रथिनाच्या हाती असते. अशा मदतनीस प्रथिनांना पुढे 'शॅपरोन' हे नाव रूढ झालं. मी वर्गात त्यांना करवली म्हणायचो. नवरीचा हात धरून मांडवापर्यंत आणते, पण संसारात राहत नाही. वनस्पतीचं रुबिस्को जिवाणूत बनवायला शास्त्रज्ञांना २०१७ साल उजाडलं, कारण आधी या सगळ्या करवल्या जिवाणूत न्याव्या लागल्या.

परीक्षेत दोन गुण हवे असतील तर एवढं ध्यानात ठेव. चतुर्थक रचना, म्हणजे तुझी ती चौथी पातळी, हा शब्द जे. डी. बर्नाल यांनी १९५८ मध्ये वापरात आणला. प्रथिनं अशी तुकड्यांची असतात याचा सुगावा त्याआधीच, १९२० च्या दशकात स्वीडनच्या स्वेडबर्ग यांना लागला होता. अतिवेगानं फिरणाऱ्या यंत्रात त्यांनी प्रथिनांची वजनं काढली.

गुणांच्या पलीकडची एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. १९३८ मध्ये प्रागच्या फेलिक्स हॉरोविट्झ यांनी ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनाचे स्फटिक काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काचेच्या कडेनं हवा आत शिरली तसे ते षटकोनी चकत्यांसारखे स्फटिक मोडले आणि वेगळ्याच आकाराचे झाले. निर्जीव खड्यानं जणू श्वास घेतला. पुढे मॅक्स पेरुट्झ यांनी वर्षानुवर्षं खपून कारण दाखवलं: ऑक्सिजन बसला की अल्फा-बीटाची एक जोडी दुसऱ्या जोडीवर साधारण १५ अंशांनी फिरते. म्हणजे चार साखळ्यांमधला एक सांधा घट्ट आहे आणि दुसरा सरकता. पहिला ऑक्सिजन बसायला कुरकुर होते, सांधा सरकला की पुढचे भराभर बसतात. फुप्फुसात भरायचं आणि स्नायूत रिकामं करायचं, हे त्या सरकत्या सांध्यामुळे जमतं. सुट्या चार साखळ्यांना ते जमलं नसतं.

रावेर. केळी उत्पादक लिहितात: यंदा पोंगा सडला, पानांवर पिवळे पट्टे. कृषी सहायक म्हणाले हरण्या आहे, व्हायरस आहे, औषध नाही. एवढी औषधं निघाली, मग यालाच का नाही? तो इतका चिवट कसा?

दादा, हरण्या म्हणजे काकडीवरचा मोझॅक विषाणू, सीएमव्ही. तो चिवट आहे असं मी म्हणणार नाही, काटकसरी आहे. आत वारशाच्या आरएनएचा धागा, वर प्रथिनाचं कवच. कवचात एकाच प्रथिनाच्या १८० प्रती. सगळा गोळा २९ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या जागेत तीस-पस्तीस हजार एका ओळीत बसतील.

एकच तुकडा १८० वेळा का? आपण हिशेब करू. त्या प्रथिनात २१८ अमिनो आम्लं आहेत. एकेका आम्लाला तीन अक्षरं धरून कृतीला साधारण ६५७ अक्षरं लागतात. १८० वेगळे तुकडे करायचे म्हटलं तर सव्वा लाखाच्या जवळपास. आणि या विषाणूचं सगळं भांडवल किती? साडेआठ हजार अक्षरांच्या आसपास. तेव्हा एकच साचा, त्याच्याच विटा. वॉटसन आणि क्रिक यांनी लहान विषाणूंबद्दल हा तर्क १९५६ मध्येच मांडला होता.

आता विटा रचतो कोण? इथेही गवंडी नाही. १९५५ साली तंबाखूवरच्या मोझॅक विषाणूचं प्रथिन आणि आरएनए वेगवेगळं करून फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी ते नुसतं एकत्र मिसळलं. बाटलीत पुन्हा अख्खा विषाणू उभा राहिला आणि झाडाला रोगही झाला. तो विषाणू दांडीसारखा, २१३० तुकड्यांचा. तुमच्या केळीतला मात्र गोल. गोलाची भूमिती फुटबॉलवर दिसते: १२ पंचकोन, २० षटकोन. पाच-पाच तुकड्यांचे १२ गट आणि सहा-सहाचे २० गट, बेरीज करा, १८० येते. कॅस्पर आणि क्लुग यांनी १९६२ मध्ये ही मांडणी समजावून सांगितली. मुलाचा जुना फुटबॉल घरात असेल तर समोर ठेवून मोजा.

औषधाचं म्हणाल तर अडचण अशी, की विषाणूला स्वतःचं पोट नाही, श्वास नाही. बुरशीनाशक ज्या यंत्रणेवर घाव घालतं ती त्याच्याकडे नाहीच. तो तुमच्या झाडाचीच यंत्रणा वापरतो. म्हणून सगळा भर वाहकावर आणि आसऱ्यावर ठेवावा लागतो. मावा त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, तणं आणि काकडीवर्गीय पिकं त्याला वर्षभर सांभाळतात. केळीत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची आंतरपीक म्हणून घेऊ नका, बांधही साफ ठेवा. रोगट झाड दिसलं की मुळासकट उपटून लांब नेऊन नष्ट करा. 'एवढं कमळ (केळफूल) धरू द्या मग बघू' म्हणून थांबलात तर शेजारची दहा जातात. रोपं खात्रीच्या ठिकाणची, विषाणूची चाचणी झालेलीच घ्या. फवारणीचं प्रमाण मी सांगत नाही, जळगावच्या केळी संशोधन केंद्रात विचारा. तो माझा प्रांत नव्हे.

अक्कलकुवा तालुका. एक आशाताई विचारतात: आमच्या पाड्यावर एका पोराला सिकलसेल आहे. डॉक्टर म्हणतात पाणी भरपूर प्यायला द्या. रक्ताच्या आजाराचा आणि पाण्याचा काय संबंध, असं आई मला विचारते. दुसरं, त्याची बहीण वाहक आहे, तिला काहीच होत नाही. ते का? मला लोकांना समजेल असं सांगता यावं.

ताई, सगळ्यात जास्त जागा तुमच्या प्रश्नाला देतो.

बीटा साखळीत १४६ मणी. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलीन असतं. बाकी सगळं जागच्या जागी. हिमोग्लोबिनातच बिघाड आहे हे लायनस पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं, नेमका मणी कोणता ते १९५६-५७ मध्ये इंग्रॅम यांनी शोधलं. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, त्याची पाण्याशी सलगी. व्हॅलीन मघाशी सांगितलं तसं तेलकट. म्हणजे हिमोग्लोबिनाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे नको तिथे, एक चिकट ठिगळ आलं.

नुसतं ठिगळ असून काही बिघडत नाही. हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन निघतं तोवर सगळं ठीक. पण ऑक्सिजन सोडला की तो सांधा सरकतो, आणि सरकला की बीटा साखळीवर एक खळगा उघडतो. शेजारच्या रेणूचं व्हॅलीन त्यात चपखल बसतं. तिसऱ्याचं दुसऱ्यात, चौथ्याचं तिसऱ्यात.

तुमच्या भागातून कोणी अक्षय तृतीयेला खाली जळगावकडे आलं असेल तर त्यांनी बारागाड्या पाहिल्या असतील. बैल सोडलेल्या गाड्या एकीला एक बांधतात, वर माणसं बसतात, आणि भगत ती रांग ओढतो. सुटी गाडी गल्लीतून कशीही वळवता येते. बारा एकत्र बांधल्यावर वळणावर काय होतं ते आठवा. लाल पेशीत हेच घडतं, फक्त गाड्या बारा नसून हजारो, आणि रांग एक नसून चौदा पदरांचा पीळ पडलेला दोर. तो दोर आतून पेशीला ताणतो. गोल, मऊ पेशी इळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. बारीक रक्तवाहिनीत ती वळत नाही, अडकते, मागे कोंडी होते. पोराचे हातपाय, कंबर, पोट जे दुखतं ते या कोंडीनं. अशा पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी पडतं आणि डोळे पिवळे दिसतात.

आता पाणी. लाल पेशी म्हणजे हिमोग्लोबिनाची जवळजवळ भरलेली कणगी: १०० मिलिलिटरला साधारण ३३ ग्रॅम. ऑक्सिजन सोडल्यावर दोर लगेच वळला जात नाही, थोडा उशीर लागतो. तेवढ्यात पेशी बारीक वाहिनीतून सुटून फुप्फुसाकडे निघाली तर वाचली, कारण ऑक्सिजन मिळताच खळगा मिटतो. हा उशीर पेशीतल्या दाटपणावर विलक्षण अवलंबून असतो, दाटपणाच्या पंधराव्या ते तिसाव्या घातावर. आईला घात-बीत सांगू नका. तिला सांगा, की उन्हातान्हात पोराचं पाणी कमी झालं आणि पेशी फक्त दहा टक्के दाट झाली, तरी दोर चौपट ते सतरापट लवकर वळायला लागतो. पाण्याचा तांब्या पेशीला तेवढी उसंत मिळवून देतो.

म्हणून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांना हे आधी सांगा. उन्हात पाण्याविना काम, रात्री थंडी, अंगात ताप असताना कामावर उभं राहणं, यांतली प्रत्येक गोष्ट दोराला मदत करते. आणि ताप चढला, छातीत दुखलं, धाप लागली, अचानक फिकट पडलं, हात-पाय लुळा पडला, तर घरी थांबायचं नाही, भगताकडेही नाही. थेट दवाखाना. याबाबत मी कोणाचं मन राखत नाही.

बहिणीचं. तिच्याकडे एक जनुक नेहमीचं, एक बदललेलं. तिच्या पेशीत बदललेलं हिमोग्लोबिन साधारण ४० टक्क्यांहून कमी असतं, बाकीचं साधं. साध्याला पुढच्यात अडकायचा आकडा नाही, त्यामुळे रांग सारखी तुटते आणि उशीर इतका लांबतो की पेशी तोवर सुटून जाते. ती आजारी नाही, हे तिच्या सासरच्यांनाही कळायला हवं. मात्र तिचं लग्न दुसऱ्या वाहकाशी झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. 'पहिलं चांगलं निघालं, आता पुढचं नासणार' असा हिशेब नसतो, दर वेळी फासा नव्यानं पडतो. लग्नाआधी दोघांची तपासणी करा हे सांगणं म्हणूनच महत्त्वाचं. चटकन होणाऱ्या चाचणीत फक्त शंका कळते. वाहक की रुग्ण हे पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनाचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत याच तपासणीवर भर आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण लोक विचारतील: बाळ जन्मलं तेव्हा तर चांगलं होतं, मग? पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, आणि गॅमा त्या दोरात बसत नाही. जन्मानंतर गॅमा ओसरते, बीटा वाढते, आणि सहा महिन्यांच्या पुढे त्रास दिसायला लागतो. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी ती पोटात असतानाची गॅमा पुन्हा थोडी जागी करते. डॉक्टरांनी दिली असेल तर मध्येच सोडू देऊ नका, रक्ताच्या तपासण्या मात्र वेळेवर व्हायला हव्यात.

भुसावळ. एक गृहिणी: ह्यांना इन्सुलिन चालू आहे. मे महिन्यात दिवसदिवस लाइट जाते. बाटली माठाजवळ ठेवली तर चालते का? एकदा बाटलीत धागे-धागे दिसले होते.

धागे दिसलेली बाटली टाकून दिलीत ना? नसेल तर आज टाका.

इन्सुलिन लहानखुरं प्रथिन, ५१ अमिनो आम्लांचं. बाटलीत आणि स्वादुपिंडातही ते एकटं राहत नाही. सहा-सहा रेणू दोन जस्ताच्या अणूंभोवती गोल बसतात. ही साठवणुकीची सोय. त्वचेखाली टोचल्यावर औषध पातळ होतं, सहांचे दोन-दोन होतात, दोनाचे एकेक, आणि एकटा रेणूच काम करतो. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात ते या सुटण्याला वेळ लागतो म्हणून. १९९६ पासून मिळणाऱ्या लिस्प्रो जातीत शेजारच्या दोन अमिनो आम्लांची जागा फक्त अदलाबदल केली आहे. तेवढ्यानं पकड सैल होते आणि ते लवकर लागू पडतं. म्हणून एकाच्या जागी दुसरं आपल्या मनानं घ्यायचं नाही.

उष्णतेनं आणि हिंदकळण्यानं मात्र वेगळंच होतं. रेणूची घडी उलगडते, आतली तेलकट अंगं उघडी पडतात आणि रेणू भलत्याच तऱ्हेनं एकमेकांना चिकटून लांब धागे होतात. ते परत सुटत नाहीत. उकडलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवून कच्चं होतं का?

न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्याला लागून नको, गोठलेलं इन्सुलिनही गेलंच. चालू बाटली बहुतेक प्रकारांत २५-३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते, नेमकी मुदत वेष्टनावर असते. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा माठाची युक्ती चांगली आहे. एका मडक्यात दुसरं लहान मडकं, मध्ये ओली वाळू, आत कोरड्या डब्यात बाटली, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाट्यानं उडतं आणि गारवा येतो. पावसाळ्यात ही युक्ती तेवढी चालत नाही. बाटली थेट पाण्यात बुडवू नका, आणि स्कूटरच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका.

चोपडा. कापूस उत्पादक: बीटीचं प्रथिन अळीला मारतं, आम्हाला का नाही? आणि आता गुलाबी बोंडअळी त्यालाही दाद देत नाही, ते कसं?

अळीचं पोट आम्लधर्मी नसतं, चांगलंच अल्कधर्मी असतं. तिथे हे प्रथिन कापलं जातं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक खुंट्यांना अडकतं, तिथे काही रेणू एकत्र जुळतात आणि गट करून पेशीच्या पडद्यात घुसतात. पडद्याला भोक पडतं, आतडं फाटतं. तपशिलावर अभ्यासकांत वाद आहेत, पण एकटा रेणू भोक पाडत नाही, टोळी लागते, यावर बहुतेकांचं एकमत आहे. आपल्या पोटात आम्ल आहे आणि त्या खुंट्या नाहीत.

बोंडअळीनं खुंटीच बदलली. कॅडहेरिन नावाच्या खुंटीच्या जनुकातले असे बदल भारतातल्या गुलाबी बोंडअळीत सापडलेत. खुंटी नाही तर टोळी जमायला जागा नाही. बीटी बियाण्यात नंतर घातलेल्या दुसऱ्या प्रथिनाची खुंटी वेगळी होती, तिच्यासाठीही अळीनं वाट काढली. २००२ मध्ये बीटी आलं तेव्हा कडेनं साधा कापूस लावा असं सांगितलं होतं, पुढे फरदड, म्हणजे त्याच झाडांचं लांबवलेलं पीक, घेऊ नका असंही. आपण काय केलं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

जळगाव. व्यायामशाळेत जाणारा तरुण: कोलेजनची पावडर घेतली तर ती गुडघ्याच्या सांध्यात जाऊन बसते का?

भाऊ, नाही. कोलेजन म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ. ती रचना १९५४-५५ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. दर तिसरा मणी ग्लायसीन, सगळ्यात लहान, कारण पिळाच्या आत दुसरं काही मावतच नाही. बहुतेक पावडरीत तो पीळ आधीच सुटलेला असतो, आणि तुझ्या पोटात साखळ्यांचे आणखी बारीक तुकडे होतात. नवा पीळ शरीर स्वतः वळतं, त्याला क जीवनसत्त्व लागतं. डाळ, अंडी, दूध खा, वर पेरू किंवा आवळा. उरलेल्या पैशात चांगले बूट घे.

शहादा. माध्यमिक शाळेतल्या शिक्षिका: हे सगळं नववी-दहावीच्या मुलांना दाखवता येईल असा प्रयोग आहे का? आमच्याकडे प्रयोगशाळा नावालाच आहे.

आहे, आणि प्रयोगशाळा लागत नाही, सुतार लागतो. हलक्या लाकडाचे किंवा जाड फोमचे एकाच मापाचे १२ पंचकोन कापून घ्या. कडा सरळ नकोत, आतल्या बाजूला सुमारे ५८ अंशांत तासलेल्या हव्यात, म्हणजे तुकडे जुळताना गोलाई आपोआप येते आणि बाराही जुळले की विषाणूच्या कवचासारखा बंद गोळा होतो. प्रत्येक कडेत दोन बारकी चुंबकं बसवा. तुकडा बाहेरच्या बाजूनं पाहताना प्रत्येक कडेवर डावीकडे उत्तर ध्रुव बाहेर, उजवीकडे दक्षिण. हा क्रम एकदाही चुकता कामा नये. एकूण १२० चुंबकं लागतील. मग सगळे तुकडे मोठ्या गोल बरणीत टाका, झाकण लावा आणि हलवा.

पहिल्यांदा मी केला तेव्हा पाच मिनिटांत वेडावाकडा गठ्ठा झाला आणि मुलं हसली. चुंबकं जास्त जोरदार होती. चुकीच्या जागी चिकटलेला तुकडा सुटतच नव्हता, मग बरोबर जागी बसणार कधी? प्रत्येक चुंबकावर चिकटपट्टीचे दोन थर लावले तेव्हा चुकलेले तुकडे धक्क्यानं सुटायला लागले आणि पाचही बाजूंनी जुळलेले टिकायला लागले. तीन थर लावले तर काहीच टिकेना. तुमच्या चुंबकांना किती थर लागतील ते करूनच कळेल, म्हणून पट्टी आणि कात्री वर्गात ठेवा, आणि थर कधी वाढवायचा ते मुलांनाच ठरवू द्या. शेवटचा तुकडा बसताना टक असा आवाज येतो. त्या वेळी बरणी मागच्या बाकावरच्या कोणाच्या तरी हातात असेल असं बघा.